आजऱ्याची लिंक

कोल्हापुरात घरगुती मसाला विकणाऱ्या अंजनाताईंच्या वेबसाइटवर आजऱ्याच्या कुलसुमभाभींच्या काजूची लिंक होती, आणि भाभींच्या वेबसाइटवर ताईंच्या मसाल्याची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. एकीच्या आधारानं दुसरीचं नाव गुगलवर वर यावं, एवढ्यापुरतीच ओळख. पण वेबसाइट बघायला नव्यानं ठेवलेली आदिती म्हणाली, "ताई, असल्या देवाणघेवाणीचा आता काही उपयोग नाही. काढून टाका."

न सांगता काढणं अंजनाताईंच्या जिवावर आलं. घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी आजऱ्याला फोन लावला.

"भाभी, तुमची लिंक काढावी म्हणत्यात. राग मानू नका."

"काढा की," भाभी म्हणाल्या. "मालक गेल्यापासनं माझं काजूचं काम बंदच हाय."

"मग वेबसाइट कशापायी चालू ठेवलीसा?"

"तुमची लिंक हाय न्हवं तिच्यावर. मी बंद केली आन् तुमचं नाव खाली गेलं तर?"

त्या लिंकवरून अंजनाताईंकडं आजवर एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या भाभी, न्हाय काढत," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळंच माझं नाव वर हाय."

पलीकडून भाभी हळूच म्हणाल्या, "बरं झालं फोन केलासा. मला वाटलं, माझा आता कुणालाच उपयोग न्हाय."