कच्ची चावी

गिरणी पुन्हा थांबली.

इंजिन धडधडत होतं, पट्टा पळत होता, पट्ट्याचं चाकही गरगरत होतं. पण भात सडणारा दांडा जागच्या जागी मेला होता. गेनबा मिस्तरीनं न बघताच ओळखलं. चावी तुटली. चाक आणि दांडा यांना एकमेकांत जखडणारा बोटाएवढा लोखंडाचा तुकडा, ती चावी. ती गेली की चाक आपलं रिकामंच फिरतं.

"गेनबा, चाव्या करतोस का राजगिऱ्याच्या वड्या?" श्रीपादपंत गादीवरून ओरडले. भोरात ही गिरणी त्यांनी काढली होती आणि इंजिनापेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता.

बाहेर वेल्ह्याकडची माणसं भाताची पोती घेऊन ताटकळली होती. गुंजवण्याचा म्हादू पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "मिस्तरी, आमच्या म्हशीचा खुटा देऊ का? म्हस म्हातारी झाली, पर खुटा न्हाई मोडला!"

सगळे खदाखदा हसले. हसल्या नाहीत त्या फक्त चाड्यावरच्या बाया. भात ओतायच्या त्या पत्र्याच्या चाड्यात दमट भात अडकायचं, मग बायांनी ते हातानं आत लोटायचं. भाताची कुसं टोचतात म्हणून त्या पदर हाताला गुंडाळून घ्यायच्या. त्यांतल्या धोंडाबाईनं आपला हात पदराखाली घेतला आणि ती खाली बघत राहिली.

"ही शेवटची," पंत म्हणाले. "आता तुटली तर पुण्याहून माणूस आणीन. तू आपली हत्यारं उचलायची."

गेनबाच्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेचं तोंड न बघता, इंजिनं खोलून खोलून तो मिस्तरी झाला होता. त्याला पुण्याच्या माणसाची भीती घालतात! गिरणी बसवून देणारा म्हातारा कारागीर जाताना बजावून गेला होता, "चावी कच्च्याच लोखंडाची ठेव, बाबा." का, ते गेनबानं विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याचा धंदा तो, असं त्याला वाटलं. चावी सारखी तुटावी, म्हाताऱ्याला सारखं बोलवावं. एवढं न कळायला आपण काय दूधखुळे?

दांडा दोन इंची. चावी दांड्याच्या चौथाईनं रुंद, म्हणजे अर्धा इंच. माप बरोबरच होतं. खोट लोखंडात होती. वरंधा घाटात कोसळलेल्या मोटारीच्या धक्के झेलणाऱ्या कमानीचा तुकडा त्यानं जपून ठेवला होता. अस्सल पोलाद. त्यानं ते तापवलं, ठोकलं, पाणी दिलं आणि खाचेत असं घट्ट बसवलं, की मध्ये केस शिरू नये. पट्टा घसरायला नको म्हणून वरून राळ चोपडली.

गिरणी सुरू झाली. पंतांनी मुद्दाम ओलसर भात ओतायला लावलं. दांडा एकदा कण्हला. चावी हलली नाही.

"खुटा हरला, मिस्तरी!" म्हादू ओरडला. पंतांनी आपली पानाची चंची गेनबापुढं केली. पुण्याचा माणूस पुण्यातच राहिला.

पान चघळत, तुटक्या चावीचा तुकडा फेकायला गेनबा मागं गेला. मागं तुसाचा ढीग होता. आजवरचे तुकडे त्यानं तिथंच भिरकावले होते. आज मात्र ते तिथं नव्हते. भिंतीतल्या कोनाड्यात ते ओळीनं मांडलेले होते. हळदीकुंकू वाहिलेले. वर झेंडूचं फूल. आणि धोंडाबाई कोनाड्याला डोकं टेकवून उभी.

"काय गं ए! माझी बेअब्रू पुजतीस व्हय?"

ती दचकली. "वरडू नगा, मिस्तरी. मालकांना कळंल." मग तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं सोलवटलेलं. "पदर आत घावला, की हाताला वढत न्हेतो. मग तुमची चावी तुटती आन् दांडा थांबतो. तेवढ्यात आमी हात काढून घेतो." तिनं एकेका तुकड्यावर बोट ठेवलं. "ह्यो सगुणाचा हात. ह्यो कमळीचा. सकाळचा तुकडा कुठं टाकलासा? त्यो माझा हाय."

गेनबाच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "बोलला का न्हाईसा?"

"बोललो तर आमाला काढून दुसऱ्या बाया ठिवत्याल. तुमी तर मालकांचंच मानूस. आन् चावी का तुटती, ते तुमी तरी कवा इचारलंसा?"

तुकडा गेनबाच्या मुठीत रुतला.

"आत्ता... चाड्यावर कोन हाय?"

"माझी लेक, सखू. देवाला हात जोडून येते म्हनलं, तवर उभी ऱ्हा."

तो धावत सुटला. "पट्टा पाडा! पट्टा पाडा!" इंजिनाच्या धडधडीत ते कुणाला ऐकू जाणार? दारातून त्याला म्हादू हसताना दिसला, पंत मान डोलावताना दिसले.

तेवढ्यात चाड्यावरून किंकाळी आली.

गिरणी थांबली नाही.