मोठ्या टायरची मंजुरी

कारखान्यातून निवृत्त झालेल्या उदयने अथाल गावातल्या शेडमध्ये साठ वर्षं जुनं, दोन माणसांचं विमान दुरुस्त करून उभं केलं होतं. त्याचे मूळचे लहान टायर कुठेच मिळेनात, म्हणून मोठे टायर बसवायची परवानगी तो विमान वाहतूक खात्याकडे तीन वर्षं मागत होता. ती आली की पहिल्यांदा आपणच उडवायचं, एवढाच त्याचा ध्यास. आज सिल्वासाच्या घरी पत्र आलं. त्याने कागद डोळ्यांपाशी नेला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बायकोकडे दिला.

"अक्षर फार बारीक आहे गं, कल्पना. तूच वाच."

अक्षर चांगलं ठळक होतं. हल्ली तो भिंत धरून जिना का उतरतो, ते कल्पनाला तेव्हा उमगलं. तिने पत्र वाचलं. परवानगी मंजूर झाली होती.

"काय म्हणतात?"

"नाही म्हणतात हो."

त्याने पत्र परत घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाला, "उद्या परत अर्ज लिहू."

"लिहू," ती म्हणाली.