थोरल्याच्या मनगटावरचा चावा

आईने थोरल्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा तो तिचा अंगठा वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर टेकवत होता. शाईचं पॅड उलटलं. चादर निळी झाली.

"बघितलंस?" तो धाकट्या बहिणीवर ओरडला. "माणसांना चावायला लागली! आठ दिवसांत कुठल्या कुठे गेली. आणि तू म्हणतेस, घरातच ठेवू."

धाकटीचं डोकं सणकलं. महिन्यातून एकदा उगवायचं, चहा प्यायचा आणि वर अक्कल शिकवायची! पण आठ दिवसांचं खरं होतं. स्मृतिभ्रंशाची सहा वर्षं आई हळूहळू उतरत गेली होती, आणि या आठवड्यात एकदम कोसळली. ओळखत नव्हती. जेवत नव्हती. दिवसभर असंबद्ध बडबडायची.

तिने थोरल्याचा हात नळाखाली धरला. डाव्या बाजूचे दात खोल रुतले होते. उजव्या बाजूचा एकही उमटला नव्हता.

धाकटीचा चेहरा उतरला. म्हणजे आई उजवी बाजू जपत होती. बारा वर्षं ती प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतली सूज मोजत होती. उंदराने खाणं सोडलं की आधी त्याचे दात बघायचे, हे ती नव्या लोकांना पहिल्याच दिवशी बजावायची. आईचं तोंड मात्र तिने आठ दिवसांत एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. आता बॅटरी लावून पाहिलं. उजवी हिरडी टम्म सुजली होती, दाढेखालून पू येत होता. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दाढ काढली. औषधं सुरू झाली. दहाव्या दिवशी आईने तिला "चिमे" म्हणून हाक मारली आणि वाटीभर भात खाल्ला. जुना विसरभोळेपणा होता तिथेच होता, पण आई परत आली होती.

त्यानंतरच्या रविवारी थोरला आला. धाकटीने त्याला खुर्चीत बसवलं आणि इतक्या दिवसांचा राग एका दमात ओकला.

"दादा, नीट ऐक. मेंदूत राखणदार पेशी असतात. या आजारात त्या आधीच बिथरलेल्या असतात. त्यात अंगात कुठे पू झाला, की आगीत तेल. मग त्या राखण सोडून घरच्यांनाच झोडपतात. आठ दिवस आई नव्हतीच रे जागेवर! आणि तू तिचा अंगठा घेत होतास!"

थोरला मान खाली घालून मनगट चोळत होता. "म्हणजे चावली तेव्हा तिला कळतच नव्हतं?"

"काही म्हणजे काही नाही. चावला तो आजार. फाड तो फॉर्म."

थोरल्याने खिशातून फॉर्म काढला. पलंगावर बसलेल्या आईने हात पुढे करून तो ओढून घेतला आणि स्वतःच टराटरा फाडला.

"कोण काय बोलतंय, ते कळत नव्हतं," ती म्हणाली. "तू माझा मुलगा, तेही सुचत नव्हतं. पण हा माणूस मला माझ्या घरातून काढतोय, एवढं कळत होतं. चावले ती मीच."