चौदावं घर

यंदाच्या प्रशिक्षणात नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना व्याख्यानं नव्हती. डोक्यावर आभासी जगात नेणारा टोप चढवायचा आणि देशाच्या पहिल्या निवडणुकीआधीचा एक दिवस जगायचा. टोपाने ढोलेबाईंना एका खेड्यातले मास्तर केलं आणि दारोदार मतदारयादी करायला धाडलं.

याद्या म्हणजे ढोलेबाईंच्या हातचा मळ. एकोणीस वर्षं शाळा सांभाळून त्या हेच करत आल्या होत्या. साठ घरं होती. त्या भराभर लिहीत सुटल्या.

चौदाव्या घरी कडेवर पोर घेतलेली एक तरुणी उंबऱ्याशी आली. नाव विचारताच घुटमळली.

"कोणतं सांगू, मास्तर? माहेरचं का सासरचं?"

"कोणतंही सांगा, पण लवकर."

तेवढ्यात आतून सासरा ओरडला, "लिहा, भिवा तोडकराची बायको!"

ढोलेबाईंनी तसंच लिहिलं आणि पुढचं घर गाठलं.

टोप काढून त्या ऐटीत म्हणाल्या, "साठच्या साठ झाली, सर."

"आता मतदानाचा दिवस बघा," प्रशिक्षक वाघचौरे म्हणाले.

ढोलेबाईंनी पुन्हा टोप चढवला. या खेपेला त्यांना फक्त बघायचं होतं; त्या कोणाला दिसत नव्हत्या. केंद्रावर तीच तरुणी नवं लुगडं नेसून उभी होती. अधिकारी सांगत होता, "ज्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, त्या बायका यादीतून वगळल्यात. तुम्हाला मत देता येणार नाही."

ही माहिती ढोलेबाई दरवर्षी वर्गात सांगत.

तरुणी जागची हलली नाही.

"आमच्या मास्तरांना बोलवा," ती म्हणाली. "ते आले होते माझ्या दारात. ते सांगतील, मी कोण ते."