पुढच्या गुरुवारी

बाळाची आई दवाखान्याच्या दारातच थांबली. चपला काढल्या नाहीत, बाळाची टोपीही सोडली नाही.

"किती जणी झाल्या, सिस्टर?"

"तू एकटीच."

"मग निघते," म्हणाली आणि वळलीसुद्धा.

ही तिची तिसरी खेप. पहिल्या वेळी सहा बाळं जमली होती, दुसऱ्या वेळी चार. गोवराच्या लशीच्या एका बाटलीत दहा डोस असतात. लस सरकारी, फुकट मिळते. पण पूड पाण्यात विरघळवली की बाटली चार तासांत संपवायची, उरली ती फेकायची. म्हणून दहा बाळं जमल्याशिवाय सिस्टर बाटलीला हात लावत नसत. काळ्या दगडावरची रेघ. नऊ जणी जरी बाकावर बसल्या असल्या तरी उत्तर ठरलेलं, पुढच्या गुरुवारी या. सव्वीस वर्षांत आपल्या हातून एक थेंब वाया गेलेला नाही, हे त्या कुणी न विचारताही सांगत.

आज मात्र त्यांच्या टेबलाच्या काचेखाली नवं परिपत्रक होतं. सकाळीच डॉक्टरबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलेलं. एकच मूल आलं तरी बाटली उघडावी. डोस वाया गेले तरी चालतील, मूल सुटता कामा नये. सिस्टरनी ते नंतर स्वतः दोनदा वाचलं, छपाईची चूक सापडते का बघायला. सापडली नाही.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी येशील ना नक्की?"

"नाही जमायचं. सोमवारपासून कामावर जातेय, गुरुवारची सुट्टी कोण देणार? आणि आमच्या मागच्या गल्लीत दोन पोरांना गोवर निघालाय, म्हणून आज येऊन बघितलं."

तक्रारीचा सूर नव्हता. तोच तर घोळ झाला. ती भांडली असती तर सिस्टर तिला पुरून उरल्या असत्या.

आतल्या खोलीतून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "सिस्टर, ते परिपत्रक काचेखाली ठेवायला नाही आलेलं."

"उघडतेय हो. जरा दम धरा."

अगदी जिवावर आलं होतं. फ्रीजमधून बाटली काढून त्या तशाच उभ्या राहिल्या. एका बाळासाठी नऊ डोस मातीत. ताटात कुणी दोन घास टाकले तरी दिवसभर बोलणारी ही बाई. मग त्यांनी बाळाकडे बघितलं. ते टोपीची नाडी चोखत होतं. त्यांना बघून हसलं, मागच्या दोन्ही वेळा हसलं होतं तसंच. लबाड कुठलं. सिस्टरनी बाटलीचं टोपण उडवलं.

उजव्या दंडावर सुई टोचली तेव्हा हसणं संपलं आणि खोली दणाणली.

"झालं हो राजा, झालं. वाईट आहे म्हातारी, मार तिला."

आई अजून बाटलीकडेच बघत होती. "माझ्या एकटीसाठी उघडलीत?"

"त्याच्यासाठी उघडली. साडेअकरा वाजलेत. साडेतीनपर्यंत ही बाटली कामाची, पुढे कचरा. तू अर्धा तास इथंच बस, बाळावर लक्ष ठेव."

ती बाकावर बसली आणि तिनं फोन काढला. बाळाचा ताप बघायला सिस्टर वाकल्या, तर फोनवर एका ग्रुपचं नाव दिसलं. पुढच्या गुरुवारी.

"हे काय गं?"

ती ओशाळली. "त्या पहिल्या दिवशी तुम्ही परत पाठवलेल्या आम्ही सहा जणी, सिस्टर. दहा करून एकदम यायचं ठरवलं होतं. चार कुठं मिळतात का शोधत होतो. आज सगळ्या म्हणाल्या, सहाच आहोत, कशाला हेलपाटा. मी एकटीच आले." मग हळूच म्हणाली, "नाव तुमच्याच वाक्याचं. रागानं नाही हो. सगळ्यांना तेवढंच पाठ होतं."

सिस्टर तिच्या शेजारी बाकावर बसल्या. सव्वीस वर्षांत त्या या बाकावर कधी बसल्या नव्हत्या. फार कडक होता बाक. त्यांना वाईट वाटलं, आणि या पोरींचं कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम.

"लिही त्यांना."

"काय लिहू?"

"लिही, बाटली उघडली. साडेतीनच्या आत या. एकेकटीनं आलं तरी चालेल."

पहिली आली ती ओल्या केसांनीच. दुसरीबरोबर सासू होती, ती सिस्टरना चार शब्द सुनवायचे ठरवून आली होती, पण नातू रडायला लागला आणि राहून गेलं. तिसरीनं शेजारणीचं बाळही दुसऱ्या कडेवर आणलं. चौथी दुसरंच घर शोधत असल्यासारखी दोनदा दारावरून पुढे गेली, शेवटी डॉक्टरबाईंनीच तिला हाक मारून आत घेतलं. अर्धा तास केव्हाच उलटला होता, तरी बाळाची आई घरी गेली नव्हती. येणाऱ्या बाळांच्या टोप्यांच्या नाड्या सोडत होती.

तीन वाजून गेल्यावर पाचवी आली. धापा टाकत दारातच उभी राहिली. चपला काढल्या नाहीत.

"दहा झाल्या का, सिस्टर?"

"मोजणं सोडलंय मी आता. ये आत," सिस्टर म्हणाल्या, आणि टेबलाखाली त्यांनी सातवं बोट मुडपलं.