बिनफुलांच्या गाई

"काकू नाही आल्या यंदा?" दिवाळीच्या फराळाला आलेल्या सुचित्रानं चकली मोडता मोडता पद्मनाभांना विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, पण उत्तर त्यांच्या मुलानं, यशोधननं दिलं. "आईला आता विमानप्रवास झेपत नाही."

झेपेल कसा? पद्मनाभांची बायको मधुमती ऑगस्टमध्येच गेली होती. वाईच्या घरात, सकाळी चहा टाकताना. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा पद्मनाभांना कळलं.

यशोधन सिंगापूरहून आला, तेरावं उरकलं आणि आठवड्याच्या आत बायकोला, नीताला घेऊन ऑस्ट्रियाला निघून गेला. आल्प्सच्या एका खोऱ्यात शेतकऱ्याच्या घरी राहायचं, डोंगर चढायचे, गावचा सण बघायचा, असं त्यांचं कधीचं ठरलं होतं. "बाबा, बुकिंग कॅन्सल होत नाही हो," तो म्हणाला. आई काय, गेलीच होती; बुकिंग अजून जिवंत होतं.

सिंगापुरात त्यानं आईचं कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर लोकांनी हिशेब लावला असता. आई कधी गेली आणि हा फिरायला कधी गेला, हे दिवसभर बँकांतून आकडे बघणाऱ्या माणसांना सांगावं लागत नाही.

मग ऑक्टोबरमध्ये पद्मनाभांना उचलून सिंगापूरला, बिशानच्या फ्लॅटवर आणलं. वाईच्या घराची किल्ली यशोधनच्या कपाटात, परतीचं तिकीटही तिथंच. आज दुपारी रेशमी झब्बा हातात देताना नीता म्हणाली होती, "बाबा, आज आईंचा विषय नको हं. दिवाळीला लोक येतात, त्यांचा मूड जातो." आणि दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये तिनं आकाशकंदील लावला.

पद्मनाभ काही सोवळ्यातले नव्हते. अंडं खायचे, देवाशी भांडायचे. पण घरात माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, एवढं एक त्यांना हवं होतं. त्यांनी ते मागितलं नाही. किल्ली ज्याच्या कपाटात, त्याच्याकडे काय मागायचं?

फराळाच्या बशा फिरल्या आणि यशोधननं कॅमेरा टीव्हीला जोडला. लाकडी घरं आली, खिडक्यांतून ओसंडणारी लाल फुलं आली. तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत चीज ढवळणारी बाई आली. चामड्याची अर्धी चड्डी घातलेला यशोधन आला, तेव्हा सुचित्राचा नवरा रवींद्र ओरडला, "अरे, हा काय अवतार! उद्या असाच रॅफल्स प्लेसला ऑफिसात ये!" सगळे खो खो हसले. पद्मनाभही हसल्यासारखे दिसले. तेवढं त्यांना आता जमायला लागलं होतं.

मग गाई आल्या.

"आता ही फसवणूक बघा," यशोधन वाइनचा घोट घेत म्हणाला. "उन्हाळा संपला की डोंगरावरच्या गाई खाली आणतात. डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात हंड्याएवढ्या घंटा, पुढं बँड. पोळाच म्हणा ना! आम्ही त्यासाठीच गेलो होतो. आख्ख्या खोऱ्याच्या गाई नटलेल्या, आणि आम्ही ज्याच्याकडे राहिलो त्याच्याच या अशा. भुंड्या!"

पडद्यावर गाई खाली मान घालून उतरत होत्या. फूल नाही, घंटा नाही. मागून एक म्हातारा, टोपी हातात घेतलेला.

"मी म्हटलं, बाबा रे, सिंगापूरहून आलोय, फोटोपुरती तरी फुलं बांध. ढिम्म हलला नाही."

"पण का?" रवींद्रनं विचारलं.

नीतानं नवऱ्याच्या पायावर पाय दिला. त्याला गोष्ट चढली होती. "त्याची बायको वारली होती म्हणे, उन्हाळ्यात. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी गाई सजवत नाहीत..."

पुढचं वाक्य त्यानं गिळलं. उशीर झाला होता.

"अगं बाई," सुचित्रा हळहळली. "किती जपतात ना! नाहीतर आपल्याकडे. कुणाला कुणाचं काही राहिलंय का?"

पद्मनाभ उठले. "तू काय म्हणालास त्याला?"

"कुणाला, बाबा?"

"त्या म्हाताऱ्याला. बायको गेल्याचं कळल्यावर."

"म्हणजे... सॉरी म्हणालो."

"त्याला तरी म्हणालास."

ते दारापाशी गेले. आपली बायको गेली, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी पद्मनाभांनी वाकून आकाशकंदिलाची पिन काढली. बाहेरचा कॉरिडॉर काळा झाला.

सुचित्राचेच डोळे भरून आले. "बघा, काका किती हळवे आहेत. कुठली कोण ती बाई, तिच्यासाठी कंदील विझवला!"

पद्मनाभांनी मान वर केली नाही. हेही गेलं. आता या विझवलेल्या कंदिलालाही दुसरीचंच नाव लागणार.

रवींद्र तिथल्या मराठी मंडळाचा कार्यवाह. मंडळात कुणाला श्रद्धांजली वाहायची झाली की हाच उभा राहायचा. त्यानं बशी खाली ठेवली. "खरंय काकांचं. दोन मिनिटं उभे राहू या."

माणसं उठली. साड्या सळसळल्या, मग तेही थांबलं. यशोधनही उठला. हातातला रिमोट कुठं ठेवावा, त्याला कळेना.

"नाव घेतल्याशिवाय श्रद्धांजली कशी वाहणार?" रवींद्र हलक्या आवाजात म्हणाला. "यशोधन, काय नाव होतं रे त्या बाईंचं?"

यशोधननं ते विचारलंच नव्हतं.

"मधुमती," पद्मनाभ म्हणाले.