दुबई ते तांडा

"साडेतीन तास, काकी! दुबई ते हैदराबाद साडेतीनच तास लागतात," सुदामनं मोबाईल भिकाबाईच्या डोळ्यांपुढे नाचवला. "विमान सकाळीच उतरलं. तिथून गाडीनं तांडा सात तास. मग देविदास अजून काहून आला न्हाई?"

"येऊन राहिला," म्हणत भिकाबाईनं नवऱ्याच्या अंगावरचं पांढरं कापड सारखं केलं.

सुदाम चरफडला. दारात निजवलेला नेमसिंग त्याचा सख्खा चुलता. आदल्या संध्याकाळी दुबईहून फोन आला, देविदास उद्याच्या विमानात आहे म्हणून, आणि म्हातारा ऐकता ऐकताच कोसळला; पुढचं भिकाबाईनंच फोन उचलून ऐकलं. दोन वर्षांनी पोरगा येणार या आनंदानं जीव गेला, असं म्हणून सगळा तांडा हळहळत होता.

तांड्याची रीत सरळ होती. पोरगा वाटेत असेल तर मयत थांबवायची. नसेल तर पुतण्यानं आग द्यायची, तीही लगेच. आणि काही झालं तरी दिवस बुडायच्या आत.

देविदास काही वेळेत पोचत नाही, याची सुदामला इतकी खात्री, की त्यानं सकाळीच गोरेगावात जाऊन डोकं भादरून घेतलं होतं. आता त्या गुळगुळीत डोक्याला ऊन चटकत होतं आणि पोरंटोरं बघून खुसखुसत होती. आग देणारा उद्यापासून तांड्याच्या पंचांच्या बैठकीत नेमसिंगच्या जागी बसणार. तो मान सुदामला हवा होता, खोटं कशाला बोला!

"फोन तरी लाव त्याला."

"लागत न्हाई."

"अन् ट्रॅक्टर भरून लाकडं कशाला आणवली? काका तर नुसता हाडांचा सापळा होता."

"लागतील."

ऊन उतरलं. सुदामचा धीर सुटला. त्यानं विस्तवाचं मडकं उचललं. "बस झालं, काकी. काकाला किती तकलीफ देशील? मी देतो आग."

भिकाबाई ताडकन उठून त्याच्या आडवी आली.

"ठेव खाली! माझा लेक रस्त्यात असताना माझ्या नवऱ्याला कोण हात लावतं, बघतेच मी. उद्या समद्या तांड्यानं वाळीत टाकलं तरी बेहत्तर!"

तांड्याच्या नाईकानंही मान खाली घातली. काकीचा असा अवतार सुदामनं जन्मात पाहिला नव्हता. त्याला राग आला आणि खरं म्हणजे भीतीही वाटली. त्यानं मडकं खाली ठेवलं.

तेवढ्यात सेनगावच्या रस्त्यावर धुरळा उडाला.

"आला! देविदासदादा आला!" पोरं धावली.

पांढरी गाडी दारातच येऊन थांबली. सुदाम मान गेल्याचं दुःख गिळून भावाला मिठी मारायला पुढे झाला. पण पुढून फक्त ड्रायव्हर उतरला. त्यानं मागचं दार उघडलं. आत लांब लाकडी पेटी होती आणि तिच्यावर देविदासचं नाव.

"कालच सांगितलं असतं, तर तुमी थांबला नसता," भिकाबाई म्हणाली. "उतरव, सुदाम. बापाच्या बाजूला ठेव त्याला. दोघांना आग मी देणार."